खिळ्यावरचा डबा

पोलीस ठाणे येलपा, क्वीन्सलंड
गुरुवार, १३ मे १९७६
पुरवणी जबाब

नाव रोमा कॅथरीन डगन, वय ३६ वर्षे, धंदा घरकाम व वस्तीची लिखापढी, लग्नापूर्वी येलपा येथील शाळेत शिक्षिका. राहणार वारिंगा गुरांची वस्ती, येलपाच्या पश्चिमेस.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन सार्जंट व्हीलन यांच्यासमोर सांगते की, माझे पती नेव्हिल जेम्स डगन, वय ४१, यांच्या मृत्यूबाबत मी पूर्वी एक जबाब दिला आहे. तो जबाब अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी घरी घेतला होता व त्यात मी थोडेच सांगितले होते. जे सांगितले ते खरे आहे. आज त्यापुढचे सांगायचे आहे.

वारिंग्यावर आम्ही चौघे राहत होतो. मी, नेव्हिल, आमची मुलगी मेगन ऊर्फ मेग, वय ९ वर्षे, आणि माझे सासरे क्लॉड डगन, वय ७७ वर्षे. सासऱ्यांना घरात सर्व जण पॉप म्हणतात, म्हणून पुढे मी तसेच म्हणेन. वस्ती व गुरे पॉपच्या नावावर आहेत.

अंघोळीच्या पाण्यासाठी घरामागे बंब आहे. लोखंडी पिंप दगडांवर आडवे ठेवून खाली लाकडे पेटवायची, अशा प्रकारचा. आमच्या भागात त्याला गाढव म्हणतात. उंचावरच्या टाकीतले थंड पाणी एका नळीने पिंपात येते, गरम पाणी दुसऱ्या नळीने न्हाणीघरात जाते, आणि तिसरी नळी सरळ वर जाते. तिसरी नळी वाफेसाठी आहे. तिचे तोंड कायम उघडे असावे लागते. ते टाकीच्याही वर येते आणि टाकीच्या आड असल्यामुळे खालून दिसत नाही.

उन्हाळ्यात टाकीतले पाणी उन्हानेच तापते व बंब लागत नाही. तेव्हा त्या नळीत कुंभारीण माशी चिखलाचे घर करते. तिला एक दिवस पुरतो आणि तो चिखल विटेसारखा होतो. म्हणून बंब बंद असला की नळीच्या तोंडावर जॅमचा रिकामा डबा उपडा घालतात आणि तारेने बांधतात, नाहीतर वारा तो उडवतो. बंब पेटवायच्या आधी डबा काढायचा आणि भट्टीशेजारच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवायचा. डबा खिळ्यावर असेल तर नळी उघडी आहे असे समजायचे. खिळा रिकामा असेल तर काडी ओढायची नाही. हा नियम पॉपनी घातला. नेव्हिल लहान असल्यापासून तो आहे. माझ्या लग्नानंतर पॉपनी मला घरातली पहिली गोष्ट दाखवली ती हा खिळा.

बंबाची देखभाल नेव्हिल करत असे. आमच्या पाण्यात क्षार फार आहेत. दरवर्षी थंडीच्या आधी, एप्रिलमध्ये, तो पिंप रिकामे करायचा, आतले पांढरे किटण ठोकून काढायचा, राख उपसायचा आणि वाफेच्या नळीतून वरपासून खालपर्यंत तार घालायचा. गेल्या वर्षी त्याने थंड पाण्याच्या नळीत एक झडप बसवली. तीमधून पाणी एकाच बाजूने जाते. त्याआधी गरम पाणी उलटे टाकीत जाऊन वाया जात असे. ही झडप पॉपना पसंत नव्हती. ते म्हणाले होते, "गाढवाला लगाम कशाला? ते काय पळून जाणारे?" नेव्हिल म्हणाला होता, "पॉप, तुमच्या गाढवानं टाकी गरम केली, आणि तुम्ही गार पाण्यानं अंघोळ केलीत. त्याला काय म्हणायचं?" त्यावर दोघेही हसले होते. झडपेवरून भांडण झाले नव्हते, हे मला विचारल्यावरून सांगते.

यंदा ईस्टरच्या सोमवारी नेव्हिलने बंब साफ केला. मी शिडी धरली होती. त्याने डबा काढून खाली टाकला. तो जॅमचा जुना डबा होता आणि त्याचे बूड गंजून त्याला भोक पडले होते. नेव्हिलने त्यातून मेगकडे पाहिले आणि म्हणाला, "दुर्बीण झाली याची. कॅप्टन, जमीन दिसत्ये का?" मेगने तो खिळ्याला अडकवला. नेव्हिलने नळीतून तार घातली, ती खाली पिंपात निघाली. नळी स्वच्छ होती. त्याने बंब लगेच पेटवला नाही, कारण अजून उकाडा होता आणि लाकडे बेताची होती.

त्या आठवड्यात शुक्रवारी मी ओटची बिस्किटे केली. २५ एप्रिलच्या सैनिकदिनाला आमच्याकडे ती दरवर्षी होतात. पॉप पहिल्या महायुद्धात होते आणि त्या दिवशी पहाटेच्या मानवंदनेसाठी येलपाला येतात. बिस्किटे ते बरोबर नेतात. बिस्किटांसाठी मी गोड पाकाचा हिरवा डबा संपवला. झाकण घट्ट बसले होते म्हणून मेगने स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले, त्यात डब्याची कड एका जागी आत वळली. डबा गरम पाण्याने धुऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातला. शनिवारी दुपारी तो खिडकीत नव्हता. नेव्हिलने खिळे ठेवायला नेला असेल असे मला वाटले. मी विचारले नाही.

पॉप शनिवारी सकाळी येलपाला निघाले. निघताना मी त्यांना पडवीत बिस्किटे दिली. ते म्हणाले, "स्वयंपाकघराच्या वळचणीला कुंभारणी लागल्यात. बघितल्यास का?" मी म्हटले बघितल्या. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका." हे ते प्रत्येक वेळी म्हणतात. नेव्हिल फाटक उघडायला उभा होता. तो म्हणाला, "श्वास तरी घ्यायचा ना, पॉप?" पॉप म्हणाले, "तो घे. बेतानं घे."

त्यानंतर त्या दोघांची भेट झाली नाही.

रविवारी सकाळपासून दक्षिणेचा गार वारा सुटला. दुपारी जेवण झाल्यावर मी नेव्हिलला म्हटले की मेगचे केस धुवायचे आहेत, बंब पेटवशील का. तो लगेच उठला.

बंब पेटवताना त्या दोघांची ठरलेली पद्धत होती. मेग खांबाजवळ जाऊन डबा बघायची, मग पडवीच्या पायरीवर येऊन बसायची. पेटल्यावर तिला बंबाजवळ थांबू देत नसत. त्या दिवशीही तसेच झाले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते व ऐकत होते. नेव्हिलने विचारले, "डबा कुठं?" मेग म्हणाली, "खिळ्यावर!" तो म्हणाला, "नीट बघ, म्हातारे. चष्मा लाव." मेग म्हणाली, "खिळ्यावरच आहे, बाबा. दुर्बीणच आहे." मग तो स्वतः खांबाकडे गेला, डब्याला हात लावला आणि म्हणाला, "मग गाढवाला चारा घालू." हात लावलेला मी पाहिला. याबद्दल मला खात्री आहे. मी आज मुख्यतः हे लिहून घ्यावे म्हणून आले आहे.

मेग पायरीवर येऊन बसली. नेव्हिलने जाळ केला. पाणी तापू लागले की पिंप ठोके देते. आमच्याकडे त्याला गाढव लाथा मारतंय म्हणतात. ठोके सुरू झाले तेव्हा नेव्हिल म्हणाला, "आज जोरात आहे. सुट्टी मानवली दिसते." ते ठोके नेहमीचेच वाटले. न्हाणीघरातले नळ बंद होते, आणि झडपेमुळे पाणी उलटे टाकीत जाऊ शकत नव्हते. तो लाकूड सारायला खाली वाकला असताना पिंपाचे त्याच्या बाजूचे तोंड फुटले.

मी आधीच्या जबाबात जखमांबद्दल सांगितले आहे. डॉक्टरांचा अहवाल ठाण्यात आहे. मी त्याला ओल्या चादरीत पडवीत घेतले आणि रेडिओवरून डॉक्टरांचे विमान बोलावले. मेगला कोंबड्यांना दाणे घालायला पाठवले. विमान उतरण्यापूर्वी तो गेला. तोपर्यंत तो शुद्धीवर होता. तो काय बोलला असे विचारले असता, बंबाबद्दल तो काही बोलला नाही. बाकीचे या जबाबासाठी लागणारे नाही.

पॉप सोमवारी परत आले. येलपाहून निघण्याआधी त्यांना निरोप मिळाला होता. ते आधी घरामागे गेले आणि बराच वेळ तिथे होते, मग घरात आले. खांब एका अंगाला असल्याने शाबूत होता आणि जॅमचा जुना डबा खिळ्यालाच होता. वाफेची नळी वाकून खाली पडली होती. तिच्या तोंडावर काही नव्हते.

बुधवारी नेव्हिलला वस्तीवरच, त्याच्या आईशेजारी पुरले.

त्या दिवशी जमलेल्या लोकांत पॉप म्हणाले, "पोरगं घाईचं होतं. उन्हाळ्यातला डबा नळीवर तसाच ठेवला, वर ती झडप. किती सांगितलं." मी चहा देत होते. मेग बिस्किटांचे ताट धरून त्यांच्या मागे उभी होती. पॉपनी आपल्या जबाबातही असेच सांगितल्याचे मला आज सार्जंट व्हीलन यांच्याकडून कळले. खिळ्यावर डबा कसा होता, असे त्यांना विचारले होते. ते म्हणाले की तो कधीचा तरी जुना असेल, घरात डबे पुष्कळ. पॉप खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. त्यांना तेव्हा काय आठवत होते ते मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून मेग केस धुऊ देत नाही. हातपाय गार पाण्याने धुते. रोज जेवताना एकदा विचारते, "डबा खिळ्यावरच होता ना, आई?" मी होय म्हणते. गेल्या आठवड्यात तिने पॉपनाही विचारले. "पॉप, मी दोनदा बघितला. खिळ्यावरच होता ना?" पॉप म्हणाले, "जेव." ती म्हणाली, "मग नळीवर कुठला होता?" पॉप म्हणाले, "जेव म्हटलं ना." मग ते ताट तसेच ठेवून उठले. मेगला वाटते की ते तिच्यावर रागावले आहेत.

४ मे रोजी, मंगळवारी, मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे अंडी शोधत होते. दोन कोंबड्या बाहेर घालतात. तिथे मातीत एक डबा मिळाला. हिरवा, पाकाचा, एका बाजूने फाटलेला. त्याची कड एका जागी आत वळलेली आहे. आत गोणपाट ठासून बसवलेले आहे आणि भोवती कुंपणाच्या तारेचे वेढे आहेत. तारेला पीळ देऊन टोक मागे वळवले आहे व हातोडीने सपाट केले आहे.

तो डबा मी शुक्रवार, २३ एप्रिल रोजी रिकामा केलेला आहे. नेव्हिलने नळी साफ केली ती त्याच्या आधी, सोमवारी. तेव्हा हा डबा नळीवर चढला तो बंब साफ झाल्यानंतर आणि पेटवण्याच्या आधी.

तारेबद्दल सांगते. वारिंग्याच्या कुंपणावर कोणता जोड कोणाचा, हे घरातल्या कोणालाही सांगता येते, मेगलाही. नेव्हिल तारेचे टोक पकडीने आखूड तोडत असे. मी कुंपण बांधत नाही. टोक वळवून सपाट करण्याची पद्धत एकाच माणसाची आहे. त्यांच्या एका घोडीचे पोट फार वर्षांपूर्वी तारेच्या टोकाने फाटले होते, तेव्हापासून ते तसे करतात.

त्यांचे नाव सांगा असे सार्जंट व्हीलन यांनी म्हटल्यावरून सांगते की, क्लॉड डगन.

मला जे समजते ते असे. पॉपना निघण्यापूर्वी वळचणीला कुंभारणी दिसल्या. नळी नुकतीच साफ झाली होती, ती परत भरू नये म्हणून त्यांनी ती बंद केली. खिळ्यावरच्या डब्याला भोक होते, म्हणून खिडकीतला घेतला. जुना खिळ्यावर राहिला. त्यांनी हे काळजीपोटी केले. दुसरे कोणतेही कारण मला दिसत नाही व मी सुचवत नाही. त्यांचे वय झाले आहे, तरी ते शिडी चढतात. त्यांना कोणी थांबवू शकत नाही.

मंगळवारी मी खिळ्यावरचा जुना डबाही काढला आणि दोन्ही डबे फडताळात पिठाच्या पिंपामागे ठेवले. पॉपना काही बोलले नाही. बुधवारी सकाळी मी राख टाकायला घरामागे गेले तेव्हा खांबावर खिळा नव्हता. तिथे भोक आहे आणि भोकाच्या कडेचे लाकूड ताजे आहे. खिळा कोणी काढला ते मी पाहिलेले नाही. डबे कुठे गेले असे मला पॉपनी विचारले नाही. मीही खिळ्याबद्दल विचारले नाही.

त्याच दिवशी पॉपनी नवीन बंब करायला घेतला. दुसरे पिंप आणले, दगड पुन्हा रचले. वाफेच्या नळीचे तोंड यावेळी वाकवून खाली केले आहे आणि त्याला बारीक जाळी लावली आहे. तिला डबा लागणार नाही. ती जमिनीवरून दिसते. झडप बसवलेली नाही. शनिवारी त्यांनी स्वतः बंब पेटवला व बादलीभर गरम पाणी पडवीत आणून ठेवले. म्हणाले, "मेगच्या केसांना." मेग आली नाही. पाणी गार होईपर्यंत ते बादलीजवळ बसले होते. मग मी ते पाणी भाजीच्या वाफ्याला घातले.

मला विचारण्यात आले की पॉपशी या विषयावर बोलणे झाले आहे का. नाही. त्यांना माहीत आहे असे मला वाटते का, यावर मी सांगते की खांबावर खिळा नाही, एवढेच मला माहीत आहे.

मला विचारण्यात आले की त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे का. नाही. आधी मी हा जबाब देणार नव्हते. बायको गेली तेव्हाही ते वर्षभर कोणाशी बोलले नव्हते, असे नेव्हिल सांगत असे. हे कागदावर आले तर त्यांना वाचावे लागेल हे मला कळते. पण तपासाच्या कागदात सध्या असे आहे की नेव्हिलने डबा न काढता बंब पेटवला. मेग मोठी झाल्यावर ते वाचेल. त्याहून आधी तिला कोणीतरी सांगेल. तिने डबा खिळ्यावर पाहिला होता आणि तो खिळ्यावर होता. तिच्या वडिलांनी त्याला हात लावून पाहिले होते. नियमाप्रमाणे करायचे ते दोघांनीही केले. हे सरकारी कागदात असावे एवढीच माझी मागणी आहे.

पुढे कुठे राहणार असे विचारले असता, वारिंग्यावरच. माझी येलपाच्या शाळेतली जागा भरलेली आहे. माझे आईवडील हयात नाहीत. वस्ती पुढे मेगची आहे आणि पॉप एकटे राहू शकत नाहीत. नेव्हिल तिथे आहे. नवीन बंब मला पेटवता येतो, पॉपनी मला तो दाखवला आहे. दाखवताना त्यांनी एकदा खांबाकडे हात केला आणि मग खाली घेतला.

दोन्ही डबे, गोणपाट व तारेसह, मी आज हजर केले आहेत. ते मेगच्या शाळेच्या पिशवीत घालून आणले. मेग शेजारच्या वस्तीवर आहे. मृत्यूच्या दाखल्याची नक्कल घ्यायला येलपाला जायचे आहे असे मी पॉपना सांगितले होते. नक्कल मी घेतली आहे. येताना पिशवी माझ्या मांडीवर होती. वाटेत एका ठिकाणी रस्ता खराब आहे, तिथे डबे वाजले. पॉपनी गाडी हळू केली. त्यानंतर येलपापर्यंत त्यांनी गाडी हळूच चालवली.

हा जबाब सार्जंट व्हीलन यांनी मी सांगेन तसा टंकलिखित करून घेतला. त्यांनी तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून त्यांनी आधी खिडकी लावून घेतली व हळू वाचले, कारण माझे सासरे समोर गाडीत बसले आहेत. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे. त्यात कमीजास्त करायचे नाही. डब्यांची पावती मिळाली. रिकामी पिशवी मला परत मिळाली, ती मी बरोबर नेत आहे. सासऱ्यांना काय सांगायचे, असे सार्जंट व्हीलन यांनी मला विचारले. मी म्हटले, मला त्यांच्याच गाडीतून घरी जायचे आहे, आणि ते रिकामी पिशवी बघतील.

सही
रोमा के. डगन

माझ्यासमोर
सार्जंट आर. व्हीलन, पोलीस ठाणे येलपा